प्रार्थना, श्वास आणि औषधाची गोळी



या त्रैमासिकाच्या संपादकांनी या वेळी आरोग्याविषयी काही लिहा असे सांगितले. सातपुड्याच्या पाड्यांवर परिचारिका म्हणून सेवा करताना मला आता बावीस वर्षे झाली. या काळात किती बाळंतपणे झाली, किती लसी टोचल्या, किती खोकल्याचे नमुने तपासणीला पाठवले, हे लिहिता आले असते. पण गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे. तीच लिहिते, कारण तशीच चूक आपल्या मंडळ्यांमध्ये अनेकांच्या हातून प्रेमापोटी होत असते.

एका ताईची गोष्ट

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात एका पाड्यावर आमची दर पंधरवड्याला भेट असे. तिथे प्रार्थनेला एक ताई यायच्या. वय तिशीच्या आतले. ऊसतोडीला गुजरातेत गेल्या असताना त्यांचे लहान मूल तापाने गेले होते. परत आल्यावर त्या शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसत. गाणे सुरू झाले की ओठ हलत, पण आवाज येत नसे. एकदा सभा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, अंग दुखते, झोप लागत नाही, घास उतरत नाही, छातीत धडधड होते.

मला त्या दिवशी आणखी तीन पाडे करायचे होते. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडू देऊ नका. प्रार्थना वाढवा. प्रभू सगळे ठीक करील." मी खोटे बोलले नव्हते. माझा तसा विश्वास होता, आजही आहे. पण मी त्यांची नाडी पाहिली नाही, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली नाही, खाली बसून एक प्रश्नही विचारला नाही.

पुढच्या दोन भेटींना त्या दिसल्या नाहीत. तिसऱ्या भेटीआधीच त्यांचा भाऊ आणि दोन शेजारी त्यांना बांबूला झोळी बांधून डोंगर उतरून घेऊन आले. अनेक दिवस त्यांनी जवळजवळ काही खाल्ले नव्हते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेपाच. बाईच्या शरीरात ते बारा तरी असावे लागते. मी शिर शोधत होते तेव्हा त्या अगदी हळू आवाजात त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ असा होता, "सिस्टर, तुम्ही सांगितली तशी प्रार्थना केली. काही झाले नाही. माझाच विश्वास खोटा असेल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्या बाईच्या पाठीवर आधीच मुलाच्या मृत्यूचे ओझे होते, अंगात रक्त नव्हते, मन खचले होते. त्यावर मी आणखी एक धोंडा ठेवला होता, आणि तोही देवाच्या नावाने.

एलीयाला देवाने आधी काय दिले?

त्या रात्री मी पवित्र शास्त्र उघडले आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचत बसले. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा दुसऱ्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली पडलेला आहे आणि मरण मागतो आहे. इतका मोठा देवमाणूस, पण त्याला जगणे नकोसे झाले आहे.

हा उतारा मी पूर्वी कितीदा वाचला होता. पण देवाने तिथे कोणत्या क्रमाने काम केले, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. देवाने त्याला "तुझा विश्वास कमी आहे" असे म्हटले नाही. आधी त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवून खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. त्यानंतर प्रवास झाला. मग डोंगरावर देवाने त्याला प्रश्न विचारला आणि त्याचे सगळे गाऱ्हाणे ऐकून घेतले. शेवटी त्याला अलीशा हा सोबती दिला आणि नवे काम दिले.

झोप, अन्न, पाणी, चालणे, मन मोकळे करणे, सोबत आणि काम. परिचारिकेच्या शिक्षणात आम्हांला जे शिकवतात ते यापेक्षा फार वेगळे नाही. मी त्या ताईंना शेवटची पायरी आधी चढायला सांगितली होती.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्याच क्रमाने उपचार केले. आधी रक्त चढवले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जंताचे औषध दिले, थोडे थोडे खाऊ घातले. अंगात त्राण आल्यावर त्यांच्याशी निवांत बोलून नैराश्याचे निदान केले आणि त्यासाठीची गोळी सुरू केली. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, बरे वाटले तरी त्या मनानेच बंद करायच्या नसतात, हे मी त्यांना आणि त्यांच्या भावाला पुन्हा पुन्हा समजावले. आणि प्रार्थना? ती सोडली नाही. पण आता मी त्यांच्या शेजारी बसून, त्यांचा हात धरून करत असे. अनेकदा काही न बोलताच.

शरीर, मन आणि आत्मा यांचे एकच घर

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची जी व्याख्या आहे, तिच्यात आजार नसणे एवढ्यालाच आरोग्य म्हटलेले नाही. शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्हींचे स्वास्थ्य तिने त्यात धरले आहे. आपण विश्वासी लोक त्याला आत्म्याचीही जोड देतो. पण बोलताना आपण या गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. शरीर डॉक्टरकडे, आत्मा पाळकसाहेबांकडे आणि मन कोणाकडेच नाही.

प्रत्यक्षात हे एकच घर आहे. एका खोलीत धूर झाला की तो सगळीकडे पसरतो. समजा जंगलाच्या वाटेवर तुमच्यासमोर साप आला. मेंदू क्षणात धोक्याची घंटा वाजवतो. शरीरात अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. हृदय जोरात धावते, रक्तदाब वाढतो, पोटातले पचन मंदावते, स्नायू ताठ होतात. पळून जाण्यासाठी देवानेच केलेली ही सोय आहे. साप गेला की थोड्या वेळाने सगळे जागेवर येते.

पण साप जातच नसेल तर? कर्जाचा, दुःखाचा, अपमानाचा, नवऱ्याच्या दारूचा साप रोज घरातच असेल तर ती घंटा वाजतच राहते. मग झोप उडते, डोके दुखते, पित्त उसळते, मान आणि पाठ आखडते, रक्तदाब चढाच राहतो. पाड्यावरच्या बाया "माझे मन उदास आहे" असे क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, जीव घाबरतो, डोके भणभणते, अंगातून वाफा निघतात. शरीरच मनाची भाषा बोलत असते. आणि उलटही होते. रक्त कमी असले, थायरॉइड बिघडला असला, तर नुसत्या शरीराच्या दोषानेही मन खचते. म्हणून मनाचे दुखणे वाटले तरी रक्त तपासावे, आणि शरीराचे दुखणे वाटले तरी मनाची विचारपूस करावी.

आत्मपरीक्षण म्हणजे नुसती पापांची मोजणी नव्हे

प्रभुभोजनाआधी आपण आत्मपरीक्षण करतो. लहानपणापासून मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. महिनाभरात काय काय चुकले ते आठवायचे आणि क्षमा मागायची. ते आवश्यकच आहे. पण त्या ताईंच्या प्रसंगानंतर मी स्तोत्रे नव्याने वाचू लागले. तिथे माणूस देवासमोर फक्त पापे मोजत नाही. तो आपली खरी स्थिती सांगतो. माझी हाडे दुखतात, माझ्या उशाशी आसवे आहेत, माझे मित्र दूर गेले, देवा तू कुठे आहेस, मला राग आला आहे. बेचाळिसाव्या स्तोत्रात तर गाणारा आपल्याच जिवाला विचारतो की तू इतका का खचलास. स्वतःला हा प्रश्न विचारणे, आणि उत्तर येईपर्यंत थांबणे, यालाच आज आत्मजाणीव म्हणतात.

माझ्या बाबतीत तो प्रश्न मी फार उशिरा विचारला. २०२१ सालच्या कोरोनाच्या लाटेत आम्ही दिवसरात्र काम केले. ते संपल्यावर काही महिन्यांनी मी वसतिगृहातल्या मुलींवर कारण नसताना ओरडू लागले. पहाटे तीनला जाग येई. छाती आवळल्यासारखी वाटे. हृदयाचा आलेख काढला, तो नीट होता. रक्तदाब मात्र वाढलेला. डॉक्टरांनी विचारले, "सिस्टर, शेवटची सुट्टी कधी घेतली होती?" मला आठवेना. उपासना चुकवली नव्हती, प्रार्थना चुकवली नव्हती. पण त्या प्रार्थनांमध्ये मी सगळ्यांची नावे घेत होते, आणि स्वतःच्या थकव्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. विश्वासी माणसाने थकू नये असे मी धरून चालले होते. खुद्द प्रभूने शिष्यांना गर्दीतून बाजूला नेऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले होते, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात लिहिलेले मी सोयीने विसरले होते.

आपल्या मंडळीच्या इतिहासातही अशी माणसे आहेत. इंग्रजी भजनकार विल्यम कूपर यांनी जॉन न्यूटन यांच्यासोबत केलेला भजनसंग्रह १७७९ साली निघाला. त्यांची भजने आजही जगभर गायिली जातात. तेच कूपर आयुष्यभर तीव्र नैराश्याच्या झटक्यांशी झुंजत होते. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी स्वतःच्या खिन्नतेबद्दल आपल्या विद्यार्थ्यांसमोर उघडपणे व्याख्यान दिले. यांचा विश्वास खोटा होता असे कोण म्हणेल?

प्रार्थनेने शरीरात काय होते?

आता चांगली बाजू सांगते. प्रार्थना, भजन, शांत बसणे, क्षमा करणे, कृतज्ञ राहणे यांचा शरीरावर परिणाम होतो, आणि तो मोजता येतो.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या एका पथकाचा छोटा अभ्यास छापून आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला सांगितली, तसेच योगातला एक मंत्रही म्हणायला सांगितला. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि हृदयाच्या ठोक्यांत निरोगी असा ताल दिसला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास सावकाश झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस शरीराला सांगते की धोका टळला, आता शांत हो. ती घंटा थांबवण्याची ही दोरी आहे. सगळ्यांनी मिळून भजन गातानाही लांब ओळीवर श्वास आपोआप पुरवून घ्यावा लागतो. उपासनेनंतर हलके वाटते त्यात शरीराचाही वाटा आहे.

दुसरा फायदा सोबतीचा. जो दर रविवारी मंडळीत येतो, त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते. तिसरा फायदा अर्थाचा. माझ्या दुःखाला देव साक्षी आहे, माझे आयुष्य फुकट नाही, असे ज्याला वाटते तो कठीण दिवसांत अधिक तग धरतो.

पण हीच श्रद्धा उलटीही फिरू शकते. "देव मला शिक्षा करतो आहे", "देवाने मला टाकले" असे ज्या आजारी माणसाच्या मनात बसते, त्याची प्रकृती अधिक खालावते, असे या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले आहे. त्या ताईंच्या मनात हे बसवायला मी हातभार लावला होता.

प्रार्थना म्हणजे बटण नव्हे

२००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी दुरून प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. कोणासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात ते थोडे जास्तच होते.

हे वाचून माझा विश्वास डळमळला नाही. देव प्रयोगशाळेच्या मापात बसत नाही, आणि प्रार्थना हे दाबताच दिवा लागणारे बटण नाही. ती नाते आहे. पण या अभ्यासातून मी एक धडा घेतला. प्रार्थना औषधाच्या जागी ठेवायची नाही. औषधाच्या शेजारी ठेवायची.

आजारी माणसाला आधी भगताकडे नेतात म्हणून आपण आदिवासी बांधवांना नावे ठेवतो. पण मधुमेहाची, फिट्सची, क्षयाची किंवा मनाच्या आजाराची गोळी "आता विश्वासाने बंद करा" असे जेव्हा आपलाच एखादा भाऊ सांगतो, तेव्हा तो वेगळे काय करतो? क्षयाचे औषध मध्येच सोडले तर आजार औषधाला दाद देईनासा होऊन परत येतो आणि घरातल्या इतरांनाही लागतो. फिट्सची गोळी अचानक सोडली तर जिवावर बेतते. डॉक्टर लूक हा पौलाचा प्रिय सोबती होता. त्याचा पेशा कोणी लाजिरवाणा मानला नाही.

वसतिगृहातल्या मुलीने शिकवलेला धडा

आमच्या वसतिगृहात आठवीतली एक मुलगी आहे. तिला सिकलसेलचा आजार आहे. आपल्या वाचकांना हा आजार ठाऊक असावा म्हणून थोडे सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा येतात. आजार आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळला. आपल्या सातपुड्यातही तो बराच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे आणि त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरवले आहे.

या मुलीला कोणीतरी सांगितले होते की हे आईबापांच्या पापाचे फळ आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आणि प्रभूने ते साफ नाकारले. मी तिला ती गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. त्या रडण्याने ती मोकळी झाली.

मग आम्ही तिला स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायला शिकवले. कळ मोठी होण्याआधी काय होते? ती विचार करून म्हणाली, "आदल्या दिवशी पिंढऱ्या जड होतात. पाणी कमी प्यायले की होते. थंडीत होते. परीक्षेच्या आधी होते." तिने हे स्वतः शोधले. डॉक्टरांच्या पुस्तकातही नेमके हेच लिहिले आहे. पाण्याची कमतरता, थंडी, जंतुसंसर्ग, फार श्रम आणि मनावरचा ताण यांनी कळा सुरू होऊ शकतात. आता पिंढऱ्या जड झाल्या की ती लपवत नाही. पाणी पिते, स्वेटर घालते, वॉर्डनताईंना सांगते आणि सावकाश श्वास घेत छोटीशी प्रार्थना म्हणते. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घेते. कळा थांबल्या का? नाही. गेल्या पावसाळ्यातही तिला चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. पण ती आता घाबरत नाही. भीतीने स्नायू आवळतात, श्वास उथळ होतो आणि वेदना दुप्पट वाटते. भीती गेली की उरते ती फक्त वेदना, आणि तिच्यावर औषध आहे.

आपण त्यांच्याकडून काय शिकावे

मदत करणारे आपण आणि घेणारे ते, असे मला आता वाटत नाही. पाड्यावर कोणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारी कामधंदा सोडून येऊन बसतात. उपदेश करत नाहीत. शेकोटीजवळ नुसते बसतात. होळीला सगळे गाव एकत्र नाचते, तेव्हा दुःखी माणसालाही हात धरून ओढून घेतात. हे फार मोठे औषध आहे. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला दूर जातात, तेव्हा तेच तुटते. त्या ताईंचे मूल परमुलखात गेले. शेजारी बसायला कोणी नव्हते. त्यांचे दुःख तिथेच गोठून राहिले होते.

घरी करता येतील अशा चार गोष्टी

पहिली, सकाळची दहा मिनिटे. फोन हातात घेण्याआधी ताठ पण आरामात बसा. मनात चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत सोडा. श्वास घेताना प्रभूचे नाव घ्या, सोडताना आपली चिंता त्याच्या हाती द्या. चक्कर आल्यासारखे वाटले तर नेहमीसारखा श्वास घ्या. जबरदस्ती नको.

दुसरी, रात्रीचे चार प्रश्न. आज माझ्या शरीराला काय जाणवले? आज मनात कोणती भावना जास्त होती? कशाबद्दल मी आभारी आहे? उद्या कोणाची मदत मागायला हवी? मी हे एका साध्या वहीत लिहिते. महिनाभराने वही चाळली की स्वतःबद्दल बरेच कळते.

तिसरी, आठवड्यातला एक खरा विसावा. शब्बाथाची आज्ञा थकलेल्या शरीरासाठीही आहे. पाळकांनी, शिक्षकांनी आणि परिचारिकांनी ही आज्ञा विशेष पाळावी.

चौथी, एक खरे बोलण्याचे माणूस. ज्याच्यासमोर "मी ठीक नाही" असे म्हणता येईल असा एक तरी भाऊ किंवा बहीण हवी. तसेच आपणही कोणासाठी तरी तसे माणूस व्हावे. तेव्हा सल्ला कमी द्यावा, ऐकावे जास्त.

डॉक्टरकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, काम करवत नसेल तर डॉक्टरांना भेटा. कोणाला जगणे नकोसे वाटत असेल, मरणाचे बोलणे येत असेल, तर एक दिवसही थांबू नका आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. सरकारची टेलीमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या मंडळीच्या सूचना फलकावर लावावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

शेवटी

त्या ताई आता बऱ्या आहेत, असे मी एका वाक्यात लिहिले असते तर आपल्याला आनंद झाला असता. खरे असे आहे की त्यांचे बरेच दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. जवळजवळ वर्षभर त्यांनी गोळी घेतली, मग डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. मुलाच्या आठवणीने त्या आजही रडतात, आणि रडावेच. मागच्या महिन्यात त्यांच्या पाड्यावर गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून नव्हत्या. एका नव्या सुनेजवळ बसल्या होत्या, जिचे बाळ पोटातच गेले होते. ताई तिला काही सांगत नव्हत्या. नुसता तिचा हात धरून बसल्या होत्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सिस्टर, हिचे रक्त तपासा."

मी आधी खाली बसले. मग पिशवी उघडली.

प्रार्थनेसाठी विषय

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्यासोबत गेलेल्या लहान मुलांसाठी. सिकलसेल असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांना औषध नियमित मिळावे म्हणून. डोंगरात काम करणाऱ्या आरोग्यसेविकांच्या आणि आशाताईंच्या विसाव्यासाठी. आणि आपल्या मंडळीत शेवटच्या रांगेत गप्प बसलेल्या त्या एका व्यक्तीसाठी. तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि उपासना संपल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा.

आपली सेवेतील बहीण,
एक परिचारिका